रंजनाबाईंनी काही घेतलं नव्हतं

बाईंच्या मनगटावर मी शॉक दिला. पडद्यावर एक मोठी उडी आली, येते तशी. पण तिच्या मागोमाग शेपटीसारख्या आणखी सात-आठ लहान उड्या आल्या. मी मान वर करून कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला शिवी घातली.

सकाळपासून लाइट नव्हती. अकोल्यात तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. मशीन इन्व्हर्टरवर चाललं की पडद्यावर कचरा यायचा. त्याला आम्ही आर्टिफॅक्ट म्हणतो. म्हणजे पेशंटचं नसलेलं, विजेनं आणलेलं.

माझं नाव शकील. एका न्यूरोलॉजिस्टकडे, आमच्या सरांकडे, मी सव्वीस वर्षं ईएमजी टेक्निशियन होतो. काम सांगायला सोपं आहे. नस म्हणजे वायर. मेंदूकडून निघालेला करंट तिच्यातून स्नायूपर्यंत जातो आणि स्नायू हलतो. आम्ही वरून नसेला छोटा शॉक देतो आणि स्नायूनं उत्तर कसं दिलं ते पडद्यावर बघतो. एका शॉकला एक उत्तर. निरोगी नस एवढंच करते आणि गप्प बसते.

या बाईंची नस गप्प बसत नव्हती.

रंजनाबाई हिवरखेडच्या. वय पस्तीस-छत्तीस. गावातच अंगणवाडी सेविका, अकरा वर्षांपासून. सोबत नवरा गजानन होता, शेती करणारा, कमी बोलणारा. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: दोन्ही हात आखडतात, मनगटाशी नस दबली आहे का ते पाहावे.

"भाऊ, मूठ मिटली का उघडतच नाही लवकर," बाई म्हणाल्या. "लेकरायले खिचडी वाढते, त पळी हातातच राह्यते. लेकरं हासतात."

"हं. हात ढिला सोडा."

"आन् हे पाहा ना." त्यांनी पोटरी दाखवली. कातडीखाली काहीतरी सरकत होतं. एका जागी थांबलं की दुसऱ्या जागी. "अळ्या फिरून राह्यल्यावानी वाटते. हे म्हणतात, झोपीतही चालूच राह्यते. आन् घाम त इतका, का पंख्याखाली बसली तरी पाठ वली."

मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणालो, "कॅल्शियम कमी असन ताई. डॉक्टर सांगतीन."

बाहेर बाकावर अजून सहा पेशंट होते. मी अर्थिंगची पट्टी बदलली. जेल पुसून पुन्हा लावलं. शेपटी गेली नाही. दुसऱ्या हाताला शॉक दिला, तिथंही तीच. मग मी स्वीप कमी केला. स्वीप म्हणजे एका शॉकनंतर पडद्यावर किती वेळ दाखवायचा ते. वेळ कमी केला तसा पडद्यावर फक्त पहिली मोठी उडी उरली. शेपटी पडद्याच्या बाहेर गेली. पान स्वच्छ निघालं. मनगटाशी नस दबलेली नव्हती, आणि प्रश्न तेवढाच विचारलेला होता.

सरांनी तपासायच्या गर्दीत ते पान पाहिलं, सही केली. नॉर्मल. बाईंना कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह आणि झोपेची हलकी गोळी मिळाली. शेपटीबद्दल मी सरांना काही बोललो नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा पेरण्या व्हायच्या होत्या.

आमच्या भागात 'औषध घेतलं' याचे दोन अर्थ होतात. एक दवाखान्यातलं. दुसरं फवारणीचं. कोण बोलतंय आणि कोणाबद्दल बोलतंय, त्यावरून आम्हाला बरोबर कळतं. त्या वर्षांत दुसरा अर्थच जास्त ऐकू यायचा. मोठ्या दवाखान्यांच्या वॉर्डांत फवारणीच्या औषधाचे पेशंट नेहमीचे झाले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांना ते लांबून ओळखता येत. घाम, तोंडाला फेस, स्नायूंची फडफड, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ते वाईट डॉक्टर नव्हते. रोज तेच पाहून त्यांना तेवढंच दिसायला लागलं होतं.

कपाशीवर फवारणी चालू असताना एका दुपारी रंजनाबाई गोठ्यात पडल्या. दोन्ही पाय, दोन्ही हात काठीसारखे ताठ. अंगावर घामाच्या धारा. तोंडातून शब्द फुटेना. गजाननने सकाळी तिथंच ड्रममध्ये फवारणीचं औषध कालवलं होतं. त्याची बाटली तिथंच होती. जमीन ओली होती, बाईंच्या लुगड्याला त्याचा वास लागला. शेजारची बाई धावत आली, तिनं बाटली पाहिली आणि पुढचं सगळं तिथंच ठरलं.

अकोल्याच्या एका दवाखान्यात त्यांना आणलं. पोटात नळी घालून पोट धुतलं. अॅट्रोपिन सुरू केलं. अॅट्रोपिन हा त्या विषावरचा उतारा. त्यानं घाम थांबतो. कोणत्याही कारणानं आलेला घाम थांबतो. पण घाम थांबला तेव्हा सगळे म्हणाले, बघा, लागू पडलं, म्हणजे औषधच घेतलं होतं. अॅट्रोपिननं बाहुल्याही मोठ्या होतात. आणायच्या वेळी त्या लहान होत्या की नव्हत्या, हे केस पेपरवर लिहायचं राहून गेलं होतं. नंतर कोणालाच सांगता येईना.

अॅट्रोपिन जास्त झालं की माणूस बरळतो. बाई बरळायला लागल्या, नळ्या उपसायला लागल्या. मग त्यांचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधले. शुद्धीत असल्या की एकच वाक्य बोलायच्या, "मी काई घेतलं नाई." सिस्टर म्हणायच्या, "सगळे असंच म्हणतात ताई."

पोलीस आले, जबाब घेऊन गेले. बाईंचा मोठा भाऊ विनायक धामणगाव रेल्वेहून आला. तिथं तो धान्याच्या अडत्याकडे कामाला होता. त्यानं बांधलेले हात पाहिले आणि सरळ ठाण्यात गेला. बहिणीला सासरी त्रास होता, त्यापायी तिनं औषध घेतलं, अशी तक्रार त्यानं लिहून दिली. त्रास काय, हे त्याला माहीत नव्हतं. पण बहीण विनाकारण कशाला औषध घेईल? गजाननला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. मग जामिनावर सोडलं.

हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी त्यात आलो आठव्या दिवशी.

आठव्या दिवशी त्या दवाखान्यातून सरांना फोन आला. विषाचा अंमल उतरायला हवा होता, पण बाईंच्या अंगाची फडफड थांबत नव्हती. जरा येऊन बघा म्हणाले. आम्ही लहान मशीन घेऊन गेलो.

मी ट्रॉली पलंगाजवळ लावली. चेहरा ओळखला नाही. गालफडं बसली होती. बाईंनी मला ओळखलं.

"भाऊ, तुमी मशीनवाले ना?"

मी मान हलवली.

"तुमीच सांगा यायले. मायं हे आधीपासूनच होतं. पोटरी दाखोली होती ना मी तुमाले?"

सर माझ्याकडे बघू लागले. "तू ओळखतोस यांना?"

"आपल्याकडे आल्या होत्या सर. पेरणीच्या आधी. नर्व्ह टेस्ट झाली होती."

"काय आलं होतं?"

"नॉर्मल."

सरांनी मशीनकडे बोट केलं. मी इलेक्ट्रोड लावले. या वेळी मशीन बॅटरीवर होतं. दवाखान्याची लाइन मी मुद्दाम जोडली नव्हती. स्वीप मोठा ठेवला. शॉक दिला. एक मोठी उडी आणि तिच्यामागे शेपटी.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा तीच.

"विषबाधेतही अशी एक-दोन जास्तीची उत्तरं येतात," सर म्हणाले, "पण ती दोन-चार दिवसांत जातात. आठव्या दिवशी एवढी नाही येत." त्यांनी सुई मागितली. ही सुई स्नायूत घातली की मशीनच्या स्पीकरवर स्नायूचा आवाज येतो. स्नायू सैल असेल तर शांतता. रंजनाबाईंच्या पोटरीत सुई गेली आणि स्पीकर ओरडू लागला. आधी एका तालात ठक-ठक, दोनदोनच्या, तीनतीनच्या जोड्यांनी. मग मध्येच एक शिट्टी, वरून खाली घसरत जाणारी, जुन्या रेडिओची सुई फिरवताना निघायची तशी. वॉर्डातले दोन पेशंट मान वळवून बघू लागले.

सरांनी सुई काढली. बाईंच्या कपाळावर हात ठेवला. हे मी त्यांना फार क्वचित करताना पाहिलं होतं.

"तुम्ही काही घेतलं नाही ना?"

"नाई जी. कितींदा सांगू?"

"मलाही तसंच वाटतंय," सर म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. रडल्या नाहीत. फक्त मिटले.

गाडीत सरांनी मला समजावलं. तेच इथं सांगतो. आजाराचं नाव न्यूरोमायोटोनिया. नसेच्या कातडीवर बारीक दारं असतात. करंट येऊन गेला की ती उघडतात आणि नस शांत होते. आपल्या अंगात जंतूंशी लढणारी एक फौज असते. कधी कधी ती आपल्याच माणसांवर उलटते. या आजारात ती या दारांवर उलटते. दारं बिघडली की नस शांत होत नाही, मेंदूनं काही न सांगता स्नायूला हुकूम सोडत राहते. म्हणून आखडणं, म्हणून अळ्या, म्हणून झोपेतही चालू. घामाच्या नसाही त्यातच.

"दुर्मीळ आहे," सर म्हणाले. "मी आयुष्यात ही दुसरी केस पाहतोय. पण बरा होण्यासारखा आहे."

मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

क्लिनिकला आल्यावर मी मोठं मशीन सुरू केलं. आपण पान स्वच्छ काढलं तरी मशीन पहिले कच्चे ग्राफ स्वतःच साठवून ठेवतं, तारखेसकट. रंजनाबाईंचं नाव टाकलं. चार ग्राफ निघाले. चारही शेपटीचे. दोन उजव्या हाताचे, दोन डाव्याचे. तारीख पेरणीच्या आधीची.

एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. गोठ्यात पडायच्या तीन महिने आधीपासून बाईंना हा आजार होता आणि त्याचा पुरावा या खोलीत होता. मी प्रिंट काढली आणि सरांच्या केबिनमध्ये गेलो.

सरांनी ती बराच वेळ पाहिली.

"हे तेव्हाच दिसलं होतं तुला?"

"हो सर. मला वाटलं, इन्व्हर्टरचं आहे."

"मला दाखवलं का नाहीस?"

"चुकलं सर."

त्यांनी चष्मा काढला. "सही माझी आहे शकील. नॉर्मल म्हणून मी सही केलीय."

"सर, वॉर्डात सांगत होते, तिच्या घरवाल्याला पोलिसांनी नेलं होतं. हे दाखवलं तर..."

"मी नवं निदान लिहून देतोय ना? ते पुरेसं आहे. ट्रीटमेंटला जुन्या ग्राफची गरज नाही." मग ते म्हणाले, "हा कागद बाहेर गेला तर पहिला प्रश्न कोणाला विचारतील? मला. दुसरा तुला. तिनं काय घेतलं, हे मग कोणी विचारणार नाही."

ते रागावून बोलले असते तर मी कदाचित उलट बोललो असतो. ते हळू बोलले. मी प्रिंटची घडी करून खिशात ठेवली. फाडली नाही, एवढंच.

दर गुरुवारी आमची अमरावतीला ओपीडी असायची. त्या गुरुवारी विनायक तिथं आला. धामणगावहून त्याला अकोल्यापेक्षा अमरावती जवळ. आत येऊन तो उभाच राहिला.

"डॉक्टर सायब, मले लंबं काही समजत नाही. एकच सांगा. मह्या बहिणीनं औषध घेतलं होतं का नाही?"

"त्यांना नसांचा आजार आहे," सर म्हणाले. "त्याच्यानं हे सगळं होऊ शकतं."

"होऊ शकते म्हणता. झालं का?"

"आता आहे, हे नक्की."

"आन् तवा होता का, तिले आणलं तवा? तेवढंच सांगा. मी जवायाले आत टाकला, सायब. तो खरा असन त मी आत्ता जाऊन त्याच्या पाया पडतो. आन् खोटा असन त सोडत नाही."

सरांनी समोरच्या कागदावरून पेन फिरवलं. "आधीपासून असू शकतो. खात्रीनं सांगता येत नाही."

मी मशीनमागे बसलो होतो. प्रिंट माझ्या बॅगेत होती, पायाजवळ. विनायकनं एकदा माझ्याकडेही पाहिलं. मी एका वायरीचा गुंता सोडवत होतो. गुंता नव्हता.

"खात्री नाही म्हणता," तो म्हणाला. "मंग मी तक्रार मागं कशी घेऊ?" आणि तो गेला.

त्या दिवशी अमरावतीत मी दहा-बारा पेशंटांच्या नसा तपासल्या असतील. एकाचाही चेहरा आठवत नाही. विनायकचा आठवतो.

पुढचं औषधपाणी चांगलं झालं, ते मी कबूल करतो. सरांनी त्यात कसर केली नाही. आधी मिरगीवर देतात तीच गोळी दिली. ती नसांना थोपवते. पाचव्या-सहाव्या दिवशी पोटऱ्या शांत व्हायला लागल्या. छातीचा सीटी स्कॅन केला, कारण छातीतल्या एका ग्रंथीच्या गाठीमुळेही हा आजार होतो. गाठ नव्हती. स्टेरॉइड सुरू केलं. उलटलेली फौज त्यानं मवाळ पडते. मग नागपूरला पाठवून प्लाझ्मा एक्स्चेंज केलं. त्यात रक्त बाहेर काढून मशीनमध्ये त्याचं पाणी वेगळं करतात, कारण नसांवर उलटलेला माल त्या पाण्यात असतो, आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतात. पाच बैठका झाल्या. सरांनी तिथल्या डॉक्टरांना स्वतः फोन करून जागा मिळवली होती. रक्ताचा नमुना बाहेर पाठवला होता, त्याचा रिपोर्ट काही आठवड्यांनी आला. त्यात उलटलेल्या फौजेची हत्यारं, म्हणजे अँटिबॉडी, सापडल्या. निदानावर शिक्कामोर्तब झालं.

पण त्या रिपोर्टावरही तारीख नंतरचीच होती. ठाण्यात गजाननने तो दाखवला. तिथला माणूस म्हणाला, "हा आजार आहे, कबूल. आजार असलेली बाई औषध घेत नाही, असं कुठं लिहिलंय?" पहिल्या दवाखान्याच्या कार्डावर विषप्राशन असा शब्द होता. तो बदलून द्या म्हणून गजानन तिथं तीनदा गेला. तिथं सांगितलं, रेकॉर्ड बदलता येत नाही, पुढच्या डॉक्टरांचं वेगळं मत असेल तर ते त्यांनी लिहावं.

अंगणवाडीचं तोवर आटपलं होतं. बाई दवाखान्यात असतानाच गावातल्या आयांनी लेकरं पाठवणं बंद केलं. ज्या बाईनं औषध घेतलं, तिच्या हातची खिचडी लेकरांना कशी द्यायची? कोणी तोंडावर बोललं नाही. लेकरं फक्त येईनाशी झाली. मग पर्यवेक्षिका घरी आल्या, चहा घेतला आणि प्रकृतीच्या कारणानं काम सोडते, असा अर्ज लिहून घेतला. स्वखुशीनं, असं त्यात होतं. बाईंची मूठ तेव्हा पुरती उघडत नव्हती. अर्ज पर्यवेक्षिकांनीच लिहिला, बाईंनी खाली सही केली.

हे मला बाईंनीच सांगितलं, थंडीत, फॉलोअपला आल्या तेव्हा. एकट्या आल्या होत्या. वजन भरलं होतं. मी म्हणालो, मूठ मिटा. मिटली. उघडा. फटकन उघडली. शॉक दिला. एक उडी आणि मागे जवळजवळ काही नाही.

"आता हात चालते," त्या म्हणाल्या. "काम नाही हाताले."

"गजाननभाऊ नाही आले?"

"तारीख हाये आज त्यायची. कोर्टात." मग म्हणाल्या, "घरात बोलत नाही ते. मारत नाही, रागवत नाही. बोलत नाही. म्हणतात, तुह्या भावानं मले ठाण्यात बसोलं. मी काय करू भाऊ? विनायकभाऊ म्हणते, डॉक्टरलेच खात्री नाही."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कपाट उघडलं, फाइलींच्या खालून घडी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. आधी ठरवलेलं नव्हतं. आणखी पाच मिनिटं विचार केला असता तर ठेवली नसती.

"हे काय हाये?"

"तुमचाच ग्राफ. या शेपट्या दिसतात ना, तोच आजार हाये हा. वर तारीख पाहा."

त्यांनी तारीख वाचली. लेकरांना पाटीवर अक्षरं शिकवणारी बाई. बोट ठेवून वाचली.

"हे त पयल्यांदा आली होती तवाचं."

"हो."

"म्हणजे तुमाले मालूम होतं?"

"तवा नाही समजलं ताई. मशीन खराब हाये वाटलं. नंतर समजलं."

"नंतर म्हणजे कवा?"

खोटं बोलता आलं असतं. "तुमचे हात बांधले होते, त्या दिवशी. इथं येऊन पाहिलं, त समजलं."

त्यांनी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली. आवाज चढला नाही.

"मले वाटे, कोनाले मालूम नाही म्हणून कोनी मानत नाही," त्या म्हणाल्या. "तवा मनाले समजावता येत होतं."

मी माफी मागितली. कशी मागितली, ते नीट आठवत नाही. त्यांनी कागद ब्लाऊजमध्ये ठेवला, चप्पल घातली आणि गेल्या. त्यानंतर त्या आमच्या क्लिनिकला कधी आल्या नाहीत. औषधं नागपूरहून चालू ठेवली, असं कळलं.

त्या कागदानं जे व्हायचं ते झालं, पण अर्धंच. विनायकनं तारीख पाहिली आणि हिवरखेडला गेला. गजाननने त्याला ओसरीवर बसू दिलं, पाणी दिलं, आत बोलावलं नाही. तक्रारीचं प्रकरण पुढे मिटलं. मेव्हणे-मेव्हणे एकमेकांच्या दारात गेले नाहीत. अंगणवाडीत तोवर दुसरी बाई लागली होती आणि तिचं काम चांगलं होतं, तिला काढायचं कोणी? रंजनाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, वेचायला जाऊ लागल्या. हात चालत होते.

सरांना त्या कागदाबद्दल गजाननच्या वकिलाचा एक फोन आला. नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"मला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असता सर."

त्यांनी समोरची फाइल उघडली. ना रागावले, ना मला काढलं. पुढं पंधराएक वर्षं आम्ही एकाच छताखाली काम केलं आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. एकदा डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी ही केस मांडली. स्लाइड मीच बनवल्या. ग्राफ दुसऱ्या तपासणीचे लावले, पहिल्या नाही. टाळ्या झाल्या. कोणीतरी विचारलं, निदान एवढं लवकर कसं सुचलं? सर म्हणाले, पेशंटचं ऐकलं. मी मागच्या रांगेत प्रोजेक्टरजवळ बसलो होतो.

त्यांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. सही त्यांची होती. शेपटी पडद्याबाहेर मी घालवली होती. आणि बॅगेतला कागद बॅगेत ठेवणारा हात माझा होता.

निवृत्त झाल्यावरही कधी कधी नव्या टेक्निशियनांना शिकवायला बोलावतात. मी त्यांना मशीनबद्दल फारसं सांगत नाही, मशीनं आता खूप सुधारली आहेत. एवढंच सांगतो: पडद्यावर नको ते दिसलं तर पुसू नका, आणि डॉक्टरांना दाखवा. त्याच दिवशी दाखवा, बाहेर कितीही पेशंट असोत. त्याच दिवशी दाखवायला काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी दाखवायला हिंमत लागते. तीन महिन्यांनी जेवढी लागते, तेवढी माझ्यात नव्हती.